कापडातून सांडणारं ऊन

सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, तीत खळ घालून कडक इस्त्री केलेले दोन सदरे होते, आणि मित्राला दिलेलं एक वचन होतं. वचनाची हकिकत आधी सांगतो, कारण हा सारा प्रवास त्याच्यासाठीच झाला.

माधव हैदराबादेला माझ्याबरोबर कॉलेजात शिकतो आणि माझ्याच खोलीत राहतो. तो जालना तालुक्यातल्या एका शेतकरी घरचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोष्ट घरगुती आहे. त्याच्या धाकट्या बहिणीचं, मुक्ताचं, लग्न जमता जमता अडलं होतं. मुक्ता जन्मापासूनच पांढरी आहे. कातडी पांढरी, केस पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या. घटकाभर उन्हात उभी राहिली तरी तिचं अंग भाजून निघतं. एकोणिसावं लागलं तरी तिला स्थळ येत नव्हतं, आणि आलं ते भोकरदनच्या बाजूचं. मुलगा तयार होता. पण त्याच्या आईने, गंगाबाईंनी, अट घातली की मुलीने आपल्या डोळ्यांदेखत एक दिवस रानात काम करून दाखवावं. "आमच्या घरच्या सुना रानात राबत्यात. ही घरात बसली तर जावा तिला बोलून बोलून मारतील," असं त्यांचं म्हणणं. त्यात दुष्टावा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. वैशाखातला दिवस ठरला. माधवने हे सांगितलं तेव्हा मी म्हणून गेलो, "कापड नीट निवडलं तर जमेल. मी येतो."

इतकं ठाम बोलण्याची मला सवय नाही. पण आम्ही परीट. माझे वडील मुशी नदीच्या काठी लोकांचे कपडे भट्टीला लावतात. कापड माझ्या ओळखीचं. शिवाय त्याच वर्षी कॉलेजात प्रकाशाचा धडा झाला होता. हैदराबाद संस्थानात आम्हांला शास्त्र उर्दूतून शिकवतात, त्यामुळे 'शुआ' (किरण) आणि 'इनइकास' (परावर्तन) हे शब्द माझ्या तोंडात ताजे होते. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा गिळतो. आमच्या घरात शिकलेला मीच पहिला. शिकलेलं एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडावं, अशी फार इच्छा होती.

सकाळी जालन्याला उतरलो. स्टेशनाच्या बाजूला कापसाच्या जिनांच्या लांबच लांब भिंती; हंगाम संपल्यामुळे सारं शांत. तारेच्या कुंपणाला अडकलेले कापसाचे पुंजके मात्र अजून वाऱ्याने हलत होते. आधीच गावी गेलेला माधव बैलगाडी घेऊन आला होता. कुंडलिका नदीला पाण्याच्या नावाने दोन डबकी. ती ओलांडून आम्ही जुन्या गावात, मस्तगडला, कापड घ्यायला गेलो.

दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी पांढऱ्याशुभ्र मलमलीचं ठाण दाखवलं. त्यांनी विचारलं, "किसके वास्ते?"

माधव म्हणाला, "बहिणीसाठी. रानात कामाला घालायचंय."

चाचांनी मलमल दोन बोटांत धरून हलवली. "बाबू, ये हवा खाने का कपडा है. धूप में काम करने कू ये नको. वो मोटा लेव," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या जाड्याभरड्या मांजरपाटाकडे बोट केलं. कोरा, पिवळसर, सरकीचे काळे ठिपके तसेच राहिलेला.

मी त्यांना धडा समजावू लागलो. त्यांच्याच भाषेत शिकलेला धडा होता, म्हणून जीभ सैल सुटली. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान हलवून म्हणाले, "पढेलिखे हो. बराबर होएंगा," आणि मलमल फाडून दिली. त्यांच्या त्या सभ्यपणाची मला आज लाज वाटते.

गावापर्यंतची वाट दिवसभराची. दोन्ही बाजूंना काळी रानं. जमिनीला पडलेल्या भेगा इतक्या रुंद की बैल पाय जपून टाकत होते. झाडं म्हणजे बाभळी आणि लिंब. लिंबाला नवी पालवी आलेली, आणि त्या करपलेल्या मुलुखात तेवढाच हिरवा रंग डोळ्यांना गार वाटे. दुपारी एका विहिरीवर थांबून भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. मी सदरा भिजवून बाभळीवर वाळत घातला आणि डोळा लागला. जागा झालो तेव्हा माधवचा बैल सदऱ्याची बाही शांतपणे चघळत होता. खळीची चव त्याला आवडली असावी. माधव हसून लोळायचा बाकी होता. "तुझ्या बापाला सांग, जालन्याच्या बैलानं शाबासकी दिली!"

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. माधवच्या आईने पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची पातळ आमटी) होती, अंबाडीची भाजी होती. मुक्ता वाढत होती. ती डोळे बारीक करून पाही, त्यामुळे सतत काहीतरी गमतीचं आठवतंय असं वाटे. मी मान खाली घालून जेवत होतो.

"दादा," ती मला म्हणाली, "तुमच्या कालेजात सावली बी शिकवत्यात का?"

"ऊन शिकवतात," मी म्हणालो.

"ते मला येतंय की. सावलीचं शिकून यायचं व्हतं."

माधवची आई दटावणीच्या सुरात म्हणाली, "मुक्ते, पाव्हण्याला असं बोलू न्हाई." पण स्वतःही हसत होती. मी आणलेल्या कापडावर त्या घराने किती भरवसा टाकला आहे, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

दोन दिवसांत आईने मलमलीचा लांब बाह्यांचा, ढगळ अंगरखा शिवला. मी आणखी एक सल्ला दिला. तिकडे बायका-माणसं उन्हात जाताना फडकं भिजवून डोक्यावर, खांद्यावर टाकतात. अंग गार राहतं. मी म्हणालो, अंगरखाही ओला ठेवायचा. दोन्ही गोष्टी मिळून दुप्पट गुण येईल. गंगाबाई यायला अजून बारा दिवस होते. एक दिवस करून पाहू असं ठरलं.

काम होतं धसकटं वेचण्याचं (नांगरटीनंतर वर आलेली ज्वारीची बुडखी गोळा करायची). मुक्ता आणि आई सकाळी रानात गेल्या. मी बांधावरून घागरीतलं पाणी नेऊन द्यायचो, मुक्ता ते खांद्यावर ओतून घ्यायची. "गार वाटून राह्यलंय दादा, बिलकुल गार!" ती ओरडली. दुपारपर्यंत ती जोमात काम करत होती. मी मनातल्या मनात वडिलांना सांगायचं पत्र जुळवत होतो.

संध्याकाळी तिचे खांदे आणि दंड लाल झाले. सकाळी त्यावर फोड होते. तिला चोळीसुद्धा अंगावर सहन होईना. आई फक्त म्हणाली, "जेवून घ्या पाव्हणं." एरवी ती मला केशव म्हणत असे.

मी ट्रंक भरायला घेतली. माधवने ती हातातून काढून घेतली. "पळून चाललास? आता तर तुझं खरं काम हाय. का भाजली ते सांग."

सांगितलं ते हौसामायने.

हौसामाय धनगराची. वय साठीच्या पुढचं. उन्हाळ्यात तिच्या घरची मेंढरं माधवच्या रानात बसायला होती. लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि मेंढरांच्या मालकाला त्याबदल्यात धान्य. चालताना, बोलताना, उभी असताना तिच्या हातात चाती (लोकर कातायची लाकडी फिरकी) फिरत असे. मुक्ताच्या अंगाला लावायला तिने कसलासा पाला वाटून आणला आणि आत गेली. बाहेर आली ती थेट माझ्यापुढे.

"तूच का रे तो कापडवाला?"

"होय आजी."

"पोरीच्या खांद्यावर काय लिवलंय ते ऐक. जिथं लुगड्याचा काठ आल्ता, तिथं चार बोटं पट्टा कोरा हाय, भाजला न्हाई. शिवणीखाली भाजला न्हाई. जिथं कापड दुमडलेलं व्हतं तिथं बी न्हाई. बाकी समदं भाजलं. आता सांग, तुझ्या पुस्तकात काय लिवलंय?"

मी चाचरत म्हणालो की पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं.

"आन् भोकातून?"

मी मलमलीकडे पाहिलं.

"हात कर पुढं." तिने उरलेली मलमल माझ्या तळहातावर, वीतभर उंच, उन्हात धरली. तळहातावर सावली अशी पडलीच नाही. दुधात पाणी घातल्यासारखी नुसती फिकट छटा. मग तिने तीच मलमल घागरीत बुडवून धरली. ती छटाही गेली. ओलं कापड काचेसारखं झालं होतं आणि तळहातावर ऊन सांडत होतं. नंतर तिने आपल्या जुन्या, गडद निळ्या लुगड्याचा पदर धरला. तळहात काळोखात गेला. शेवटी खांद्यावरची घोंगडी धरली, तेव्हा तर हातावर जणू सांज झाली.

"ज्यातून ऊन सांडतं, त्यातून ऊन चावतं," ती म्हणाली. "आमचं मेंढरू काळं. वैशाखात चरतंय, काय हुतंय त्याला? पर कातरलं की चार दीस सावलीला ठिवावं लागतं, न्हाईतर पाठ सोलती. मेंढराला कळतंय ते तुमच्या मास्तराला कळंना व्हय?"

मास्तरांचा दोष नव्हता. धडा खराच होता. पण धडा रंगाचा होता, आणि भोकांना रंग नसतो. मी गारव्याला संरक्षण समजलो होतो. अंग थंड राहिलं म्हणून मुक्ताला भाजल्याचं कळलंच नाही आणि ती जास्त वेळ उन्हात राहिली. हे मी सगळं माधवच्या आईला सांगितलं, अगदी जसं आहे तसं. तिने मलमलीचा तुकडा स्वतः उन्हात धरून पाहिला. मग म्हणाली, "केशव, मंग आता घालायचं काय तिला? घोंगडी पांघरून काम हुतंय का?"

तिने मला केशव म्हटलं, एवढ्यानेच मला हुरूप आला.

मग ओसरीच्या कडेला बसून आम्ही घरातली सगळी कापडं उन्हात धरून पाहिली. धोतरं, जुनी लुगडी, पासोड्या. शेजारच्या बायका आपापली घेऊन आल्या आणि त्याची जत्राच झाली. एकीचं लग्नातलं भारी लुगडं जाळीदार निघालं तेव्हा हौसामाय म्हणाली, "जाऊ दे गं, नवऱ्यानं तोंड बघायला आणलं व्हतं, उन्हाला न्हाई." मी पाहत होतो आणि नवल करत होतो. यांतली एकही बाई शाळेत गेलेली नव्हती. पण जुनं विरलेलं कापड नव्यापेक्षा जास्त ऊन सोडतं, अंगाला ताणून बसलेलं ढगळापेक्षा जास्त सोडतं, हे त्यांना विचारावंही लागत नव्हतं. ज्यांना उन्हात उभं राहावं लागतं त्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वाचलेलं होतं.

माधव दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून मस्तगडला गेला आणि तोच कोरा मांजरपाट घेऊन आला. चाचांनी काही विचारलं नाही म्हणे. फक्त एक हात जास्त मोजून दिला.

इथे मात्र मला माझ्या घरचं ज्ञान कामाला आलं. कोरं कापड उकळत्या पाण्यातून काढलं की आटतं, सुतं एकमेकांना येऊन भिडतात. एरवी भट्टीनंतर आम्ही ते खार लावून पांढरं करतो. या वेळी पांढरं करायचं नव्हतं. मी चुलवणावर मोठा हंडा चढवला आणि ते कापड तीनदा उकळून वाळवलं. दर वेळी हौसामाय ते उन्हात धरून पाही आणि "अजून एक" म्हणे. तिसऱ्या खेपेला मान डोलावून चाती फिरवत राहिली. मग बाभळीच्या सालीच्या काढ्यात ते रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी नांगरलेल्या मातीच्या रंगाचं निघालं. पांढऱ्या कापडावर वाढलेल्या मला तो रंग फार सुंदर वाटला.

आईने पुन्हा अंगरखा शिवला. मनगटापर्यंत बाह्या, गळा बंद, बगलेत वारं खेळायला मोकळी जागा. त्याच कापडाची, डोकं-मान झाकणारी आणि पुढे छपरासारखी झुकणारी टापशी मुक्ताने स्वतः बेतली. उन्हाने तिच्या डोळ्यांना फार त्रास होई. फोड वाळून नवी कातडी यायला ठरल्या दिवसाचा आदला दिवस उजाडला. पुन्हा करून पाहायला वेळ उरला नाही.

गंगाबाई दिवस उगवायलाच आल्या. ठेंगण्या, काटक, बोलण्यात तुटक. मुक्ताला पाहून म्हणाल्या, "हे काय सोंग काढलंय?"

"उन्हाचं सोंग हाय आत्याबाई," मुक्ता म्हणाली. गंगाबाईंच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

गंगाबाई, त्यांच्याबरोबर आलेल्या बायका, आई आणि मुक्ता रानात उतरल्या. मी आणि माधव दूर लिंबाखाली बसलो. मदत करायची नाही असं ठरलं होतं. माधव गवताच्या काड्या मोडत होता. ऊन चढत गेलं. सगळ्यांत मागे राहिलेली मुक्ता हळूहळू रांगेत आली. दुपारच्या सुमाराला गंगाबाईंनी कळशी उचलली. स्वतःच्या पदरावर पाणी घेतलं, आईच्या खांद्यावर ओतलं आणि मुक्ताकडे वळल्या. मायेनेच. मी नकळत उभा राहिलो.

"नगं आत्याबाई," मुक्ता मागे सरली.

"का गं? माझ्या हातचं पाणी चालत न्हाई?"

सगळ्याजणी थांबल्या. मला वाटलं, संपलं.

मुक्ता खाली बसली. "हात करा पुढं आत्याबाई." तिने गंगाबाईंचाच ओला पदर त्यांच्या तळहातावर धरला, मग आपली कोरडी बाही धरली. पुढचं हळू आवाजातलं बोलणं मला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण गंगाबाई आपल्या तळहाताकडे खाली वाकून पाहत होत्या, नंतर त्यांनी स्वतःचा दंड उघडून पाहिला, हे दिसत होतं. पुन्हा त्यांनी मुक्ताची बाही मागितली. मग दुसऱ्या बायका हात पुढे करून गोळा झाल्या आणि काम घटकाभर बंदच पडलं.

दिवस मावळायच्या आत सगळ्या घरी आल्या. गंगाबाई मुक्ताला आत घेऊन गेल्या. दार लोटलं. ओसरीवर आम्ही चौघं, आई, माधव, हौसामाय आणि मी. हात मोकळे असूनही हौसामायची चाती थांबलेली मी प्रथमच पाहिली.

गंगाबाई बाहेर आल्या. "मानंवर बोटभर लाल हाय. टापशी सरकली व्हती," त्या म्हणाल्या. "बाकी माझ्या पाठीपेक्षा तिची बरी." मग आईकडे वळून, "पेरणीआधी लगीन उरकू. आन् मला बी एक आंगडं शिवून धाडा, ह्याच कापडाचं."

आईने डोळ्यांना पदर लावला. माधवने माझा हात इतका दाबला की दुखला. तेवढ्यात दाराआडून मुक्ता म्हणाली, "आत्याबाई, मला बी एक विचारायचंय."

"विचार की."

"तुमच्या रानात दुपारी बसायला झाड हाय का?"

मुलीने असं विचारायची रीत नाही. आईचा हात कपाळाकडे गेला. गंगाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या, अगदी मोकळ्या. "लिंब हायेत. एक न्हाई, तीन."

"मंग येते," मुक्ता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. इतके दिवस माफी मागायचं ठरवत होतो. गाडी जुंपल्यावर कसाबसा म्हणालो, "मुक्ताबाई, तुम्हांला माझ्यामुळे फार त्रास झाला."

ती उंबऱ्याच्या सावलीत उभी होती. "दादा, ऊन मला ल्हानपनापासून भाजतंय. समदे म्हनायचे, घरात बस. कापडाचं कुनी बोललं न्हाई. तुम्ही चुकलात, पर उन्हात न्यायला निघाल्तात."

हे मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे.

जालन्याहून गाडी सुटली. दोन्ही बाजूंना पुन्हा ती काळी रानं, आणि त्यांत वाकून काम करणाऱ्या बाया. येताना त्या मला नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसल्या होत्या. आता कुणाचा पदर दुहेरी आहे, कुणी बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आहेत, कुणाचं लुगडं खांद्यावर विरलं आहे, ते पाहत मी खिडकीशी बसून राहिलो. मी बारा दिवस एकाच काळजीत काढले होते, मुक्ता गंगाबाईंच्या परीक्षेत उतरेल की नाही. तिलाही त्यांना एक प्रश्न घालायचा असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. कापड आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. सावली तिने एकटीने मागून घेतली.